गाठ काढल्यानंतर श्रोणीच्या हाडाला तडा

प्रश्न : माझ्या बहिणीच्या श्रोणीतील, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्यातील, हाडाची कर्करोगाची गाठ दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेने काढली, त्याआधी तिला रेडिएशनही दिले होते. आता कुठेही न पडता तिची कंबर असह्य दुखते आणि एमआरआयमध्ये त्रिकास्थीला, म्हणजे कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाला, तडा दिसला आहे. गाठ परतली असेल का? पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल का?

उत्तर : आपली धास्ती स्वाभाविक आहे, परंतु अशा वेदनेचा अर्थ गाठ परतली असाच होत नाही. श्रोणी हे हाडांचे बंद कडे असते. त्याचा एक भाग काढला की शरीराचा भार उरलेल्या हाडांवर पडतो, आणि रेडिएशनने कमजोर झालेले हाड नुसत्या चालण्यानेही तडकू शकते. एमआरआय व सीटी स्कॅनमध्ये तड्याची रेषा आणि भोवतीची सूज दिसत असेल, पण गोळा नसेल, तर ताणामुळे झालेल्या तड्याची शक्यता अधिक असते. तरीही शंका उरल्यास बायोप्सीचा, म्हणजे हाडाचा छोटा तुकडा काढून तपासण्याचा, निर्णय मूळ शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूनेच घ्यावा, कारण भरून येणारे हाड सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी गाठीसारखे भासते.

हाडे जागेवर असतील तर सुरुवातीला वॉकर वा कुबड्यांनी भार कमी करणे आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढणे एवढ्यावर काही महिने थांबता येते. तडा रुंदावला, हाड सरकले, अनेक महिन्यांनंतरही जुळले नाही किंवा वेदनेने उभे राहणेच अशक्य झाले, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पायातील शक्ती गेली, तर मात्र लगेच रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेत लहान छेदातून त्रिकास्थीत लांब स्क्रू बसवतात. परंतु त्या बाजूचे नितंबाचे हाडच काढलेले असेल तर स्क्रूला पकड मिळत नाही; मग कमरेचे मणके आणि उरलेली श्रोणी दांड्यांनी जोडावी लागते. कडे तुटलेलेच राहिले तर नुसता तडा सांधून भागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून निवडक रुग्णांत पायातील फिब्युला हे बारीक हाड रक्तवाहिनीसह आणून कड्यातील फट भरतात. रेडिएशन झालेल्या जागी जखम सावकाश भरते, जंतुसंसर्गाचा आणि स्क्रू सैल होण्याचा धोकाही वाढतो, याची कल्पना आधीच घ्यावी. धातूऐवजी कार्बन फायबरचे स्क्रू-दांडे बसवणे शक्य आहे का, हेही विचारावे. धातूपेक्षा त्यामुळे पुढील एमआरआय स्वच्छ दिसतो. हाडे बळकट करणारे टेरीपॅराटाइड हे इंजेक्शन हाडाचा कर्करोग किंवा हाडावर रेडिएशन झालेल्यांना टाळले जाते, त्यामुळे ते कोणी सुचवल्यास कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.