मेल तर गेला, मग सेंटमध्ये का दिसत नाही? : वाचकांची प्रश्नोत्तरे

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, मेल समोरच्याला पोचतो पण आपल्याकडे सेंट फोल्डरमध्ये त्याचा पत्ताच नसतो. म्हणून आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे प्रत्येक उत्तरात तेच तेच लिहायला नको. मेल पाठवणं आणि पाठवलेल्या मेलची कॉपी ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाठवायचं काम एसएमटीपीने (मेल पाठवायची ठरलेली पद्धत) होतं, आणि ते झालं की तुमचा प्रोग्राम (आउटलुक, थंडरबर्ड, फोनमधलं ॲप, जे काय असेल ते) तोच मेल पुन्हा एकदा आयमॅपने (सर्व्हरवरचे फोल्डर आणि मेल हाताळायची पद्धत) सर्व्हरवरच्या सेंट फोल्डरमध्ये नेऊन ठेवतो. म्हणजे शिपाई पत्र घेऊन पोस्टात गेला, पण क्लार्कने जावक रजिस्टरला नोंदच केली नाही, असं सहज होऊ शकतं. त्यामुळे सेंटमध्ये नाही म्हणजे गेलाच नाही असं समजून परत परत सेंड दाबू नका. कॉपी ठेवायची जबाबदारी कोणावर होती आणि ती कुठे अडली, एवढंच शोधायचं.

प्रश्न : सर, आमचा प्रिंटिंग प्रेस आहे. मेल आमच्याच डोमेनचा आहे, थंडरबर्ड वापरतो. हल्ली डिझाइनची पीडीएफ पाठवली की ती पट्टी 'कॉपीइंग मेसेज टू सेंट फोल्डर' वर अडकून बसते आणि शेवटी एरर येते. आमचा मुलगा परत सेंड दाबतो, पार्टीला तीन-तीनदा मेल जातोय, ते पण वैतागलेत. तीन कॉम्प्युटरवर एकच आयडी आहे.

आधी मुलाला सांगा की ती पट्टी 'कॉपीइंग' म्हणायला लागली त्याचा अर्थच हा की मेल गेलेला आहे. नंतर जी एरर येते तीही नीट वाचली तर हेच सांगते, की मेल गेला पण कॉपी ठेवता आली नाही. तिथलं 'रीट्राय' दाबलं तर फक्त कॉपी ठेवायचा प्रयत्न परत होतो, पार्टीला परत मेल जात नाही. विंडो बंद करून नव्याने सेंड केलं की मात्र जातो. तेव्हा रीट्राय दाबा, नाहीच जमलं तर तिथेच लोकल फोल्डरमध्ये सेव्ह करायचा पर्याय येतो तो घ्या.

आता मूळ कारण. अटॅचमेंट नसलेला एका ओळीचा मेल स्वतःच्याच दुसऱ्या आयडीवर पाठवून बघा. तो सेंटमध्ये आला आणि पीडीएफवाला नाही आला, तर भानगड साइझची किंवा जागेची आहे. अटॅचमेंट मेलमधून जाताना फुगते, साधारण एक तृतीयांशाने वाढते, म्हणजे 15 एमबीची फाइल 20 एमबीची होते, आणि वर म्हटलं तसं ती दोनदा अपलोड होते, एकदा पार्टीकडे जायला आणि एकदा सेंटमध्ये. म्हणजे 40 एमबी अपलोड. लाइन ढिली असेल तर पहिली फेरी कशीबशी होते आणि दुसरीत दम सुटतो.

दुसरा संशयित म्हणजे कोटा. छोट्या होस्टिंगवर (ज्यांच्या सर्व्हरवर तुमचा मेल ठेवलेला असतो त्यांच्याकडे) एका मेलबॉक्सला बऱ्याचदा मोजकीच जागा दिलेली असते, आणि प्रेसवाल्यांचं सेंट फोल्डर म्हणजे वर्षानुवर्षांच्या पीडीएफ, भरणारच. कोटा भरला तरी एसएमटीपीचं त्याच्याशी देणंघेणं नसतं त्यामुळे मेल जातो, पण कॉपी ठेवायला गेलं की सर्व्हर नाही म्हणतो. ब्राउझरमधून वेबमेल उघडा, किती जागा वापरलीय ते बहुतेक ठिकाणी दिसतं. भरली असेल तर हे आजच करा, कारण मेलबॉक्स भरला की बाहेरून येणारे मेलही परत जायला लागतात, आणि ऑर्डरचा मेल परत गेलेला तुम्हाला कळतसुद्धा नाही. जुने मोठे मेल कॉम्प्युटरवर हलवा आणि ट्रॅश रिकामा करा, ट्रॅशमध्ये पडलेलं सहसा कोट्यातच धरतात.

आणि तिसरं, जे मला तुमच्या बाबतीत खास वाटतंय ते म्हणजे तीन कॉम्प्युटर. थंडरबर्ड सर्व्हरशी एकाच वेळी 5 कनेक्शन उघडून ठेवू शकतो. तीन मशीन म्हणजे 15, वर फोन वेगळे. होस्टिंगवाल्यांकडे सर्रास डव्हकॉट नावाचा मेल सर्व्हर असतो आणि त्यात एका आयडीला एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) 10 कनेक्शनची मर्यादा आधीपासून असते, ती होस्टिंगवाल्याने वाढवली असेल तर गोष्ट वेगळी. ऑफिसमधली सगळी मशीन एकाच राउटरमागे म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने आयपी एकच. म्हणून सकाळी एकटे असताना सगळं चालतं आणि दुपारी तिघं बसले की अडकतं, असं होतंय का ते बघा. होत असेल तर अकाउंट सेटिंग्ज, सर्व्हर सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड मध्ये जाऊन 'मॅक्झिमम नंबर ऑफ सर्व्हर कनेक्शन्स टू कॅश' तिन्हीकडे 2 करा आणि थंडरबर्ड बंद करून चालू करा. फुकटचा उपाय आहे, आधी हाच करून बघा.

हे सगळं करूनही एका ओळीचा मेलसुद्धा सेंटमध्ये येत नसेल तर इनबॉक्समधला कुठलाही मेल राइट क्लिक करून 'कॉपी टू' ने सेंटमध्ये टाकून बघा. तेही होत नसेल तर फोल्डरच गंडलंय. सेंटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'रिपेअर फोल्डर'. आणि अकाउंट सेटिंग्जमधल्या 'कॉपीज अँड फोल्डर्स' मध्ये 'प्लेस अ कॉपी इन' ला टिक आहे ना आणि समोर याच अकाउंटचं सेंट आहे ना, तेही बघून घ्या. कधीकाळी कोणीतरी तिथे दुसरंच अकाउंट निवडून ठेवलेलं असतं, ते अकाउंट पुढे काढून टाकलं जातं, आणि कॉप्या कुठे जातायत कोणालाच कळत नाही.

प्रश्न : आउटलुकमध्ये माझे काही मेल सेंट आयटम्समध्ये असतात, काही नसतात. काही लॉजिकच नाहीये त्याला. व्हायरस असेल का?

लॉजिक आहे. नवीन लिहिलेले मेल सापडतात आणि उत्तरं सापडत नाहीत, तीही सगळी नाही, फक्त इनबॉक्सशिवाय दुसऱ्या फोल्डरमधल्या मेलला दिलेली उत्तरं, असंच आहे का बघा. क्लायंटवार फोल्डर करून ठेवणाऱ्या लोकांचा हा हमखास प्रश्न. फाइल, ऑप्शन्स, मेल, आणि खाली 'सेव्ह मेसेजेस' नावाचा भाग आहे, तिथे एक टिक असते की इनबॉक्सबाहेरच्या मेलला उत्तर दिलं तर ते उत्तर त्याच फोल्डरमध्ये ठेव. ती चालू असेल तर तुमची उत्तरं हरवलेली नाहीत, त्या त्या क्लायंटच्या फोल्डरमध्ये मूळ मेलच्या शेजारी बसलीत. खरं सांगायचं तर मला ही सोय आवडते, सगळा पत्रव्यवहार एका जागी राहतो, पण माहीत नसताना चालू असली की माणूस घाबरतो. त्याच भागात 'सेव्ह कॉपीज ऑफ मेसेजेस इन द सेंट आयटम्स फोल्डर' ही मुख्य टिक आहे, ती निघाली असेल तर एकही मेल राहणार नाही.

हे क्लासिक आउटलुकचं सांगितलं. जुनं व्हर्जन आणि पीएसटी फाइल (आउटलुक कॉम्प्युटरवर ज्यात मेल साठवतं ती) असेल तर तिची साइझही बघा, 2003 आणि 2007 मध्ये 20 जीबी आणि 2010 पासून पुढे 50 जीबी अशी मर्यादा आधीपासून घातलेली असते. फाइल तिथपर्यंत पोचली की आउटलुक चित्रविचित्र वागायला लागतं. खराब झाली असेल तर आउटलुकबरोबरच येणारं दुरुस्तीचं स्कॅनपीएसटी चालवायचं, पण आधी फाइलची कॉपी करून ठेवा, आउटलुक पूर्ण बंद करून.

प्रश्न : जीमेल आउटलुकमध्ये जोडलंय. सेंटमध्ये प्रत्येक मेल दोनदा येत होता म्हणून मी कॉपी ठेवायचं बंद केलं. आता पुढेमागे मेल गायब तर नाही ना होणार?

नाही होणार, बरोबर केलंत. जीमेलचा सर्व्हर त्याच्यामार्फत गेलेल्या मेलची कॉपी स्वतःच सेंटमध्ये ठेवतो, प्रोग्रामने वेगळी ठेवायची गरज नाही. आउटलुकमध्ये ते फोल्डर दिसतच नसेल तर ब्राउझरमध्ये जीमेल सेटिंग्जच्या 'लेबल्स' मध्ये सेंटसमोर 'शो इन आयमॅप' ला टिक करा. बाकी 15 जीबीवर लक्ष ठेवा, त्यात ड्राइव्ह आणि फोटोही धरतात आणि भरलं की मेल येणं-जाणं दोन्ही थांबतं. लग्नाच्या व्हिडिओंनी ऑफिसचा मेल बंद पाडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

प्रश्न : टॅलीतून बिलं आणि लेजर मेल करतो, पार्टीला मिळतात, पण आमच्या आउटलुकच्या सेंटमध्ये एकही नाही. टॅलीवाला म्हणतो आउटलुकवाल्याला विचारा, आउटलुकवाला म्हणतो टॅलीवाल्याला विचारा.

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. टॅली आउटलुकमधून मेल पाठवतच नाही, तुम्ही त्यात जो सर्व्हर, आयडी आणि पासवर्ड भरलाय तो वापरून स्वतः एसएमटीपीने पाठवून मोकळा होतो. आउटलुकला बिचाऱ्याला कळायचं कुठून? स्कॅनरवरून थेट मेल करणारी ऑफिसची मोठी झेरॉक्स मशीन असतात त्यांचंही हेच.

उपाय दोन. टॅलीत जीमेलचा सर्व्हर भरलेला असेल तर वर सांगितल्याप्रमाणे जीमेल स्वतः कॉपी ठेवतं, ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, सेंटमध्ये सगळी बिलं सापडतील. होस्टिंगचा मेल असेल तर सर्व्हर सहसा अशी कॉपी ठेवत नाही, मग मेल करताना सीसीमध्ये आपलाच एक आयडी टाकायचा, शक्यतो त्यासाठी वेगळाच केलेला. मार्चएंडला सीए विचारतील तेव्हा हाच आयडी कामाला येईल. जुनी गेलेली बिलं मात्र आता सेंटमध्ये आणता येणार नाहीत, बिलं स्वतः टॅलीत आहेतच.

प्रश्न : फोनवरून पाठवलेला मेल कॉम्प्युटरच्या सेंटमध्ये दिसत नाही आणि कॉम्प्युटरवरचा फोनमध्ये नाही.

दोन शक्यता. कॉम्प्युटरवर अकाउंट पॉप थ्रीने टाकलेलं असेल तर विषय संपला, पॉप फक्त इनबॉक्स खाली उतरवतं, सेंट म्हणजे त्या त्या मशीनच्या डिस्कवरची फाइल, डिस्क गेली की सेंट गेलं. कोणीतरी फार पूर्वी सेट करून दिलेलं असतं आणि चालतंय ना मग कशाला हात लावा असं म्हणून तसंच राहतं. माझं मत विचाराल तर आयमॅपवर या, पण जुन्या अकाउंटचं सेटिंग बदलत बसू नका, तेच अकाउंट आयमॅपने नवीन जोडा, जुने मेल त्यात ओढा, सर्व्हरवर तेवढी जागा आहे ना ते बघून, आणि सगळं आलं याची खात्री झाल्यावरच जुनं काढा.

दोन्हीकडे आयमॅप असूनही दिसत नसेल तर फोल्डरच्या नावाचा घोळ आहे. आयमॅपमध्ये ठरलेलं नाव एकच, इनबॉक्स. सेंटला कोणी 'सेंट' म्हणतं, आउटलुक 'सेंट आयटम्स', ॲपलचं मेल 'सेंट मेसेजेस'. कुठलं फोल्डर सेंटसाठी आहे हे सर्व्हरने प्रोग्रामला सांगायची पद्धत 2011 मध्ये आली, पण सगळेच ती पाळतात असं नाही. मग एकाच मेलबॉक्समध्ये दोन-तीन सेंट फोल्डर तयार होतात आणि प्रत्येक ॲप आपल्याच फोल्डरमध्ये टाकत बसतं. वेबमेल उघडा, तिथे ती सगळी फोल्डर शेजारी शेजारी दिसतील. वेबमेल स्वतः जे वापरतं ते ठेवा, बाकीच्यांतले मेल त्यात हलवा, आणि फोन व कॉम्प्युटर दोन्हीकडे सेटिंगमध्ये तेच फोल्डर निवडा. मगच रिकामी झालेली काढा.

प्रश्न : मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, वय 68. थंडरबर्डमधलं सेंट अचानक पूर्ण रिकामं झालंय, वर्षभराच्या नोटिसा गेल्या. एक सभासद म्हणतो मला एजीएमची नोटीस मिळालीच नाही, आता मी दाखवू काय?

काका, घाबरू नका, बहुतेक काहीही गेलेलं नाही. यादीच्या वर फिल्टरची पट्टी असते, त्यात 'अनरीड' दाबलं गेलंय का बघा. आपण पाठवलेला मेल वाचलेलाच धरला जातो, त्यामुळे अनरीड फिल्टर लावून सेंट उघडलं की ते रिकामंच दिसणार. शेजारी पिनचं चिन्ह आहे ते दाबलेलं असेल तर फिल्टर फोल्डर बदललं तरी चिकटून राहतो, इनबॉक्समध्ये लावलेला सेंटमध्येही लागतो. दोन्ही काढा. तरी दिसले नाहीत तर तारखेच्या कॉलमवर क्लिक करून क्रम लावा. कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलेलं असेल तर मेलवर तीच चुकीची तारीख पडते आणि आजचा मेल खाली कुठेतरी जुन्या मेलांत जाऊन बसतो. मशीन बंद करून चालू केलं की दर वेळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल बदलायला झालाय, बहुतेक मशीनमध्ये सीआर 2032 असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

सभासदाचं म्हणाल तर सेंटमधली कॉपी म्हणजे तुमच्याच घरातला कागद आहे. तुमच्याच मशीनने ती तिथे ठेवली, त्यावरून मेल त्यांच्यापर्यंत पोचला असं सिद्ध होत नाही. यापुढे नोटीस पाठवताना बीसीसीमध्ये दुसऱ्या कंपनीच्या मेलवरचा सोसायटीचा एक आयडी टाका. ती कॉपी खरोखर सर्व्हरमधून प्रवास करून येते, आणि तिच्या हेडरमध्ये (मेलसोबत येणाऱ्या प्रवासाच्या नोंदींत) कुठल्या सर्व्हरने कधी घेतली याच्या वेळा असतात. यावेळच्या नोटिशीसाठी होस्टिंगवाल्याला लगेच फोन करा आणि त्या तारखेचा डिलिव्हरी लॉग मागा. सभासदाच्या सर्व्हरने मेल स्वीकारला की नाही हे त्यात स्पष्ट असतं, पण हे लॉग फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून उद्यावर टाकू नका. आणि नोटीस बोर्डावर लावली होती ना, त्याचा तारखेसकट फोटो असेल तर तोही काढून ठेवा.