रवंथ म्हणजे चर्वितचर्वण नव्हे

एका ताईंचा प्रश्न आला आहे: ‘रवंथ’ हा शब्द ‘रव’ म्हणजे आवाज, यावरून आला का? आणि ससा, घोडा, उंट यांपैकी रवंथ नक्की कोण करतं? त्यांच्या घरी ससा पाळलेला आहे, तो बसल्या जागी सारखं तोंड हलवतो, त्यावरून घरात वाद पेटला आहे.

‘रव’शी या शब्दाचा काही संबंध नाही. गोठ्यात रात्री उभं राहून बघा. जनावर रवंथ करत असतं तेव्हा आवाज जवळजवळ नसतोच. शिवाय ‘रव’ला शेवटी ‘थ’ कुठून चिकटला, हे त्या व्युत्पत्तीवाल्यांना सांगता येत नाही. मूळ शब्द संस्कृत ‘रोमन्थ’. दोन स्वरांमधल्या ‘म’चा मराठीत ‘व’ होतो: ग्रामचं गाव, नामचं नाव, आमलकचा आवळा, कोमलचं कोवळं, श्यामलचा सावळा, जामातृचा जावई. तसाच रोमन्थचा रवंथ. व्युत्पत्ती झाली.

पण ताईंनी विषय काढलाच आहे, तर गेली काही वर्षं कानात सलणारी गोष्ट आधी बोलून घेतो. ‘भाषणात नवीन काही नव्हतं, जुन्याच मुद्द्यांचा रवंथ होता.’ ‘नैराश्यात माणूस विचारांचा रवंथ करत बसतो.’ पहिलं वाक्य मी व्याख्यानांच्या वृत्तांतांत वाचतो, दुसरं मानसिक आरोग्यावरच्या लेखांत. दोन्ही ठिकाणी रवंथ म्हणजे निष्फळ, कंटाळवाणी पुनरावृत्ती असं धरलेलं असतं. दुसऱ्या वाक्यातला रवंथ तर सरळ ‘रुमिनेशन’ या इंग्रजी पारिभाषिक शब्दाचा शब्दशः अर्थ उचलून बसवलेला आहे. ज्यांनी तो बसवला त्यांनी गाय पाळली नसावी, आणि मराठीही नीट धुंडाळली नसावी. एकच दुःख घासत बसण्याला मराठीत नेमका शब्द आहे: उगाळणं. सहाणेवर खोड फिरत राहतं, झिजत राहतं, आणि कोळसा उगाळावा तितका काळाच. तेच ते बोलण्याला चर्वितचर्वण आहे, पिष्टपेषण आहे, चऱ्हाट आहे, गुऱ्हाळ आहे. एवढी भरलेली मांडणी असताना रवंथाला का राबवायचं?

कारण रवंथाने काहीतरी साधतं. रवंथ थांबला तर जनावर आजारी आहे. ढोरांचा डॉक्टर आला की सुरुवातीलाच विचारतो, ‘रवंथ करते का?’ आणि मालक ‘कालपासून सोडलाय’ म्हणाला की त्याचा चेहरा बदलतो. ज्या गोष्टीच्या थांबण्याने घरात काळजी पसरते, तिला निरर्थक कसं म्हणायचं?

आता ज्या सूत्रासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, ते सांगतो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातलं पंधरावं सूत्र: ‘कर्मणो रोमन्थतपोभ्यां वर्तिचरोः’. म्हणजे ‘रोमन्थं वर्तयति’ याऐवजी एकच क्रियापद करता येतं, ‘रोमन्थायते’. आणि ‘तपश्चरति’ याऐवजी ‘तपस्यति’. एका सूत्रात गाय आणि तापसी शेजारी बसले आहेत. पाणिनीने ते रूपसिद्धीच्या सोयीसाठी केलं, हे मला ठाऊक आहे. तरी त्यातला ‘चर्’ बघा. तपश्चर्येतला ‘चर्’ आणि गाय रानात चरते त्यातला ‘चर्’ एकच. चरणं म्हणजे मुळात खाणं नाही, हिंडणं. गाय हिंडता हिंडता जिभेने गवताचा पेंडका वेढून ओढते, खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांत धरून तोडते (पुढचे वरचे दात तिला नसतातच) आणि जेमतेम चावून गिळते. हे चरणं. मग सावलीत बसून जे होतं ते रोमन्थ. चरणं आणि रवंथ ही दोन कामं आहेत, दोन वेळची आहेत, आणि भाषेने त्यांना दोन शब्द दिले आहेत.

सूत्रावर वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेली पुरवणी, आहे: ‘हनुचलन इति वक्तव्यम्’. जबडा हलत असेल तरच ‘रोमन्थायते’ म्हणा. ही अट कशाला? तर ‘कीटो रोमन्थं वर्तयति’ अशा वाक्यात ते रूप होऊ नये म्हणून. किडा रोमन्थ करतो? इथे टीकाकारांत जुंपली आहे, आणि भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत दोन्ही बाजू नोंदवल्या आहेत. कैयट म्हणतो, इथे रोमन्थ म्हणजे अपानातून बाहेर पडलेलं द्रव्य, आणि किडा ते खातो. न्यासकार आणि हरदत्त म्हणतात, नाही, किडा त्याचा गोळा करतो.

माझं मत न्यासकार-हरदत्तांच्या बाजूने आहे, आणि ठाम आहे. ‘वर्तयति’ म्हणजे फिरवतो, वळतो. ज्याने पावसाळ्याच्या तोंडाला माळावर शेणकिडा बघितला आहे, मागच्या पायांनी शेणाची गोळी ढकलत उलटा चालणारा, त्याला दुसरा अर्थ सुचणारच नाही. कैयटाने क्रियापदाकडे पाहिलं नाही, पदार्थाकडे पाहिलं. थोर वैयाकरण खरा, पण इथे चुकला.

आणि तरीही कैयटाचं ते वाक्य वाचताना मी थबकलो, कारण त्यात किडा नव्हे, ताईंचा ससा बसलेला आहे. सशाचं पोट साधं, एका कप्प्याचं. गवतातला तंतू कुजवण्याचं काम त्याच्या आंधळ्या आतड्यात, म्हणजे पचनमार्गाच्या शेवटाकडे होतं. तिथे जंतूंनी तयार केलेली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं वाया जाऊ नयेत म्हणून ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक आपल्याला पिंजऱ्यात दिसते ती कोरडी, कडक लेंडी. दुसरी मऊ, ओलसर, घोसासारखी. ती आपल्याला सहसा दिसत नाही, कारण ससा मान खाली घालून ती थेट तोंडात घेतो. अपानातून निघालेलं द्रव्य, आणि ते खातो: कैयटाने नकळत सशाची व्याख्या लिहून ठेवली.

मग ससा रवंथ करतो म्हणायचं का? वार्तिकाला विचारा. ‘हनुचलन.’ ससा ती मऊ गोळी बहुतेक न चावताच गिळतो. जबड्याची अट पुरी होत नाही, म्हणून ‘रोमन्थायते’ नाही. तो एरवी तोंड हलवताना दिसतो ते नाक फुरफुरवणं असतं, किंवा साधं चावणं. यहुद्यांच्या धर्मग्रंथातसुद्धा ससा रवंथ करणाऱ्यांत घातला आहे, तेव्हा ताईंच्या घरची मंडळी एकटी नाहीत.

कौमुदीतच रवंथाचा अर्थ तीन शब्दांत दिला आहे: ‘चर्वितस्य आकृष्य पुनश्चर्वणम्’. चावलेलं ओढून आणून पुन्हा चावणं. चर्वितचर्वणात आणि यात फरक आहे तो मधल्या ‘आकृष्य’चा. माझं या शब्दावर प्रेम आहे. कितीतरी ठिकाणी लिहिलेलं असतं की गाय खाल्लेलं ‘ओकून’ पुन्हा चावते. ओकते? ओकारी म्हणजे पोटाने आवळून बाहेर फेकणं. गाय तसं करत नाही. ती श्वासनळीचं दार मिटून श्वास आत ओढल्यासारखं करते. छातीतला दाब उतरतो, अन्ननलिकेचं तोंड उघडतं आणि जाळीपोटापाशी (गाईच्या पोटाचा एक कप्पा) आलेला घास वर ओढला जातो. मग अन्ननलिकेची उलटी लाट त्याला तोंडापर्यंत पोचवते. ढकलणं नाही, ओढणं. मानेच्या डाव्या बाजूने तो गोळा सरकत वर येताना नुसत्या डोळ्यांनी दिसतो. वैयाकरणांनी ‘उद्गीर्य’ (ओकून) न लिहिता ‘आकृष्य’ लिहिलं, आणि शरीरशास्त्र त्यांच्या बाजूने उभं आहे. आपले ‘ओकून’वाले कोशकार आणि धडे लिहिणारे दोन्हीकडून चूक आहेत.

वर आलेल्या घासातलं पाणी गाय आधी पिळून गिळते, मग चाळीस-साठ वेळा जबडा आडवा फिरवते, गिळते, क्षणभर थांबते, दुसरा घास ओढते. दिवसाचे असे सात-आठ तास जातात. मोठ्या दुभत्या गाईच्या तोंडात दिवसाला 100 लिटरच्या वर लाळ सुटते आणि तिच्यातल्या सोड्यासारख्या क्षाराने पोटातला आंबटपणा आटोक्यात राहतो. म्हणजे रवंथ थांबला की चावणंच नव्हे, हा उताराही थांबतो. याला पुनरावृत्ती म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब करावा.

आता ‘रो’चा ‘र’ का झाला? आमलकचा ‘आ’ टिकला, कोमलचा ‘को’ टिकला, मग ‘रोवंथ’ का नाही? इथे माझा स्वतःचा तर्क आहे आणि मी तो वीस वर्षं धरून आहे: आपल्या लोकांच्या कानाने हा शब्द ‘रवी’च्या शेजारी नेऊन बसवला. ‘रोमन्थ’च्या शेवटी ‘मन्थ’ म्हणजे घुसळणं ऐकू येतंच. घुसळण आली की रवी आली. कोणी म्हणेल, हा नुसता ध्वनीचा योगायोग. मला तसं वाटत नाही, कारण जनावर राखणाऱ्याला घुसळण हाताला लागते. गाईच्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरा; साधारण मिनिटाला एकदा कोटीपोट, म्हणजे पोटाचा सगळ्यांत मोठा कप्पा, मूठ उचलून बाहेर ढकलतं. शंभराहून जास्त लिटरची ती हंडी सारखी घुसळली जात असते. लांब, चिवट गवत वर तरंगतं, बारीक झालेलं जड होऊन तळाला जातं आणि पुढच्या पोटात सरकतं. वरचं पुन्हा चावायला तोंडात, खालचं पुढे. ताक घुसळताना लोणी वर येतं तसंच हे वेगळं होणं आहे. आमच्या आजीच्या रवीची दोरी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढली जायची. घासही एकदा वर, एकदा खाली. ज्या घरात सकाळी रवी आणि दुपारी रवंथ एकाच अंगणात दिसत होते, तिथे ‘रोवंथ’चा ‘रवंथ’ होणं मला अगदी साहजिक वाटतं. केवळ ‘उच्चारसौकर्य’ म्हणून हा ‘ओ’ उडवून लावणाऱ्या भाषाशास्त्र्यांनी ‘कोवळं’चं ‘कवळं’ सगळीकडे का रूढ झालं नाही, याचं उत्तर आधी द्यावं.

आणि रवंथ कधी होतो तेही विसरू नका. घाबरलेलं, धावतं जनावर रवंथ करत नाही. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो तेव्हा म्हणतो, सावलीत कळप करून बसलेल्या हरणांना रोमन्थाचा अभ्यास करू द्या: ‘रोमन्थमभ्यस्यतु’. कालिदासाला रवंथाला ‘अभ्यास’ हे क्रियापद जोडावंसं वाटलं. आपण त्याला टीव्हीवरच्या भांडणांना जोडतो.

घोडा आणि उंट राहिले. घोडा रवंथ करत नाही. त्याची कुजवण्याची हंडी सशासारखी मागच्या आतड्यात आहे. उंट करतो, आणि नीट करतो. त्याचं पोट गाईसारखं चार नव्हे, तीन कप्प्यांचं असतं, म्हणून प्राणिशास्त्रज्ञ त्याला गाई-म्हशींच्या गटात घेत नाहीत. पण जबडा हलतो, घास ओढून वर येतो, पुन्हा चावला जातो. वार्तिकाची अट पुरी झाली: उष्ट्रो रोमन्थायते.