पळणं येतं, लिहिणं येतं का?

प्रश्न : माझी मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली. पुढच्या महिन्यात ट्रेनिंगला अकादमीत जाईल. ८०० मीटर पळायला ती कुणाला ऐकत नाही, पण कायद्याची पुस्तकं घरात आली आणि तिचा चेहराच उतरला. नऊ महिने निभावेल का? आत्ता काय तयारी करून घेऊ?
— एक आई, पंढरपूर

उत्तर : ताई, आधी एक दुरुस्ती. अकादमी म्हणजे नाशिकची. १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झाली, १९०९ मध्ये नाशिकला गेली. तिथे फौजदार घडतात. लेक शिपाई म्हणून लागली असेल तर ती जाईल पोलीस प्रशिक्षण केंद्रात.

मैदानाची काळजी सोडा. पहिले पंधरा दिवस उस्तादांच्या ओरडण्यापेक्षा टाचेचे फोड जास्त रडवतात, तेव्हा नवे बूट आतापासूनच घालून फिरू दे. कदमतालात डावा-उजवा चुकणाऱ्या पोरीसुद्धा दीक्षांत संचलनात एका रेषेत चालतात.

गोची होते ती वर्गात. पहाटेपासून मैदानावर घाम गाळलेला, वर पोटभर जेवण, डोळे मिटणारच. मी कायदा शिकवायचो, पण कलमांच्या घोकंपट्टीवर माझा कधीच विश्वास नव्हता. उभी नोकरी ३०२ आणि ४२० म्हणण्यात गेली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत खून १०३ ला गेला, फसवणूक ३१८ ला! शिकवताना माझ्याच तोंडून ३०२ निघायचं आणि पोरी खाली माना घालून हसायच्या. कलम विसरलं तर पुस्तक उघडता येतं. फिर्याद मात्र समोरचा माणूस बसलेला असतानाच लिहावी लागते.

मी एकीला उभी करायचो : तुझी सायकल चोरीला गेली, सांग. दुसरीनं लिहायचं. पहिल्या दिवशी कागदावर सायकलचा रंग असायचा, घंटीसुद्धा असायची. कुठून गेली आणि किती वाजता, एवढंच नसायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या नव्या कायद्याचं, कलम १७३ सांगतं, तोंडी खबर लिहून घ्या, वाचून दाखवा, सही घ्या, प्रत फुकट द्या. त्यातलं वाचून दाखवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऐकताना बाईनं "हां, असंच झालं" म्हटलं पाहिजे.

म्हातारी "सोन्याची माळ गेली" म्हणाली, तर फिर्यादीत सोन्याचीच लिहायची. तीच माळ पुढे सापडली, तर जप्ती पंचनाम्यात "पिवळ्या धातूची". सोनं आहे की नाही हे पारखणारा सांगेल, आपण नाही. हे ज्या पोरीला पटकन उमगायचं, तिची मला पुढे चिंता नसायची.

तेव्हा रोज रात्री तुम्ही तिला दिवसातली एक हकीकत सांगा. दूधवाल्याशी झालेली हुज्जत चालेल, एसटीतलं जागेवरचं भांडणही चालेल. तिनं ती पानभर लिहावी आणि तुम्हाला वाचून दाखवावी. तुम्ही म्हणालाच नाहीत असं काही त्यात आलं, तर पान फाडून पुन्हा. वही दोनशे पानी घ्या.