लॉक कुणाशी भांडत होता?

प्रिय,

तुझ्या निबंधाचा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर तू उदारमतवादाची व्याख्या दिली आहेस, तिच्याखाली पाच वैशिष्ट्यं, आणि मग थेट 'टीका' असा मथळा. पाठ्यपुस्तकं अशीच असतात आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. मात्र असं वाचलं की वाटतं, जॉन लॉक नावाच्या सतराव्या शतकातल्या एका शहाण्या इंग्रज तत्त्वज्ञाला निवांत बसल्या जागी व्यक्तिस्वातंत्र्य सुचलं, आणि पुढे शंभर-दीडशे वर्षांनी कुणाला तरी त्यातल्या उणिवा दिसल्या. प्रत्यक्षात हा विचार भांडणातून जन्मला, आणि त्याच्याशी भांडणारेही लगेचच उभे राहिले. म्हणून माझं सांगणं एवढंच की कुठलाही विचारवंत हातात घेतलास की आधी शोध, हा कुणाला उत्तर देतोय? आणि याला उत्तर कुणी दिलं?

लॉकपासूनच सुरुवात कर. 1680 साली लंडनमध्ये रॉबर्ट फिल्मरचं 'पेट्रिआर्का' छापलं गेलं. लेखक वारून पाव शतक उलटलं होतं. तरी ते त्याच वेळी बाहेर काढलं, कारण इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला औरस संतती नव्हती, प्रोटेस्टंट देशात त्याचा भाऊ जेम्स कॅथलिक होता, आणि त्याला गादीवर बसू द्यायचं की नाही यावरून पार्लमेंटमध्ये रण माजलं होतं. फिल्मरचं म्हणणं सोपं होतं. देवाने आदमला बापाची सत्ता दिली, तीच वारशाने राजांकडे आली. मुलं बाप निवडत नाहीत, तशी रयत राजा निवडत नाही.

लॉकच्या शासनावरच्या दोन प्रबंधांपैकी पहिला जवळजवळ सबंध या एका पुस्तकाच्या खंडनात गेला आहे. आज तो फारसं कुणी वाचत नाही. तू वाच, निदान मधली काही पानं तरी. बायबलमधल्या 'बापाचा मान राख' या आज्ञेवर फिल्मर राजसत्ता उभी करतो. लॉक विचारतो, मूळ आज्ञेत 'बापाचा आणि आईचा' असं आहे, मग आई कुठे गेली? आईचाही तितकाच अधिकार असेल, तर एकट्या बापाच्या हक्कावर रचलेली गादी डळमळलीच. इतक्या साध्या वाचनातून राजाच्या दैवी अधिकाराला हात घातलेला पाहून मला आजही आनंद होतो.

आणि हे लिहिणं किती जोखमीचं होतं ते बघ. अल्जर्नन सिडनी नावाच्या गृहस्थाने फिल्मरला असंच उत्तर लिहून घरी ठेवलं होतं. 1683 मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. कायद्याने दोन साक्षीदार लागत, सरकारकडे एकच होता. तेव्हा त्याच्या घरात सापडलेलं ते अप्रकाशित हस्तलिखितच दुसरा साक्षीदार म्हणून पुढे केलं गेलं. लिहिणं म्हणजे करणंच, असं न्यायाधीश जेफ्रीजने ठरवलं आणि त्या डिसेंबरात सिडनीचं मुंडकं उडवलं. लॉक त्याआधीच हॉलंडला निसटला होता. त्याचे प्रबंध इंग्लंडमधल्या 1688 च्या क्रांतीनंतर, 1689 च्या अखेरीस निघाले, तेही लेखकाच्या नावाविना. ते आपले आहेत हे त्याने उघडपणे कबूल केलं ते मृत्युपत्राच्या पुरवणीत. तुझ्या यादीतलं 'मर्यादित शासन' हे वैशिष्ट्य क्रमांक दोन आहे ना? त्याच्यामागे हा खटला आहे. तो निबंधात आलाच पाहिजे.

पण लॉकची आरती ओवाळू नकोस. तो अमेरिकेतल्या कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा चिटणीस होता. त्या वसाहतीच्या 1669 च्या संविधानात, प्रत्येक स्वतंत्र माणसाची आपल्या काळ्या गुलामांवर पूर्ण सत्ता राहील, असं कलम आहे, आणि त्या मसुद्याच्या कामात लॉकचा हात होता. त्याच्या सहिष्णुतेच्या पत्रात नास्तिकांना जागा नाही. 'त्या काळी तसंच होतं' म्हणून हे झटकून टाकू नकोस, कारण त्याच काळात ही विसंगती दिसणारी माणसंही होती.

त्यातली एक मेरी अॅस्टेल. न्यूकॅसलच्या कोळसा व्यापाऱ्याची मुलगी, कट्टर राजनिष्ठ, चर्चवर अढळ श्रद्धा असलेली. लॉकच्या पक्षाचं राजकारण तिला मुळीच मान्य नव्हतं. विवाहावरच्या आपल्या पुस्तकाच्या 1706 च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत ती विचारते: सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र आहेत, तर सगळ्या स्त्रिया जन्मतः गुलाम कशा? राज्यात अनियंत्रित सत्ता नको म्हणता, मग घरात ती का हवी? फिल्मरला 'आई कुठे गेली' असं विचारणाऱ्या लॉकला पत्नीचा हा प्रश्न पुढे नेता आला नव्हता. मतभेद झाला तर नवऱ्याचा शब्द शेवटचा, असंच तोही मानत होता. तू अॅस्टेलला कुठल्या रकान्यात टाकशील? प्रतिगामी, की स्त्रीवादी? मला तर दोन्ही रकाने अपुरे वाटतात. विरोधकांना एका गठ्ठ्यात बांधू नये, हे मी तिच्याकडे बघून शिकले.

आता फ्रान्स. इथे तू अॅडम स्मिथवर चार परिच्छेद लिहिलेत आणि त्यूर्गोचं नावही नाही. स्मिथने जे ग्रंथात मांडलं, त्यातलं बरंच त्यूर्गोने फ्रान्सच्या राजाचा अर्थमंत्री म्हणून करून पाहिलं. सप्टेंबर 1774 मध्ये त्याने देशांतर्गत धान्यव्यापारावरची बंधनं उठवली. हेतू स्वच्छ होता: व्यापार मोकळा झाला की जिथे तुटवडा असेल तिथे धान्य आपोआप पोचेल. पण त्या साली पीक कमी आलं, भाव चढले, आणि 1775 च्या एप्रिल-मे महिन्यांत पॅरिसभोवतालच्या गावागावांत दंगे उसळले. इतिहासात त्याला 'पिठाचं युद्ध' म्हणतात.

त्या जमावाने काय केलं हे बारकाईने बघ. अनेक बाजारांत लोकांनी धान्य अडवलं, स्वतः भाव ठरवला, त्या भावाने ते विकत घेतलं आणि पैसे मालकाच्या हातावर ठेवले. लूटही झाली, नाही असं नाही. पण पैसे मोजून देणाऱ्या जमावाला निव्वळ लुटारू कसं म्हणायचं? भाकरीला एक रास्त भाव असतो आणि टंचाईत तो राखणं हे राजाचं कर्तव्य आहे, असं ते मानत होते. त्यूर्गोच्या लेखी भाव म्हणजे खरेदीदार आणि विक्रेता यांच्यातला व्यवहार. सैन्य आलं, पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात दोघांना फाशी दिलं. आर्थिक उदारमतवादाला मिळालेल्या पहिल्या मोठ्या उत्तरांपैकी हे एक, आणि ते कुठल्याही तत्त्वज्ञाने लिहिलेलं नाही.

त्यूर्गोला खलनायक मात्र ठरवू नकोस. 1776 च्या सुरुवातीला त्याने शेतकऱ्यांवरची रस्त्यांची वेठबिगार बंद केली आणि कारागिरांचे बंदिस्त संघ मोडीत काढले. काम करण्याचा हक्क ही प्रत्येकाची पहिली आणि सर्वांत पवित्र मालमत्ता आहे, असं त्याने राजाज्ञेत लिहिलं. ज्या गरिबाला संघाची फी परवडत नव्हती, उस्तादाच्या मुलालाच मिळणारं झुकतं माप ज्याला मिळत नव्हतं, त्याच्यासाठी ही खरीखुरी मुक्ती होती. मे महिन्यात त्यूर्गोला घालवलं आणि वेठबिगार व संघ लवकरच परत आले.

फ्रेंच क्रांतीने 1791 मध्ये ते संघ पुन्हा मोडले. त्याच साली पॅरिसचे सुतार मजुरी वाढवून घ्यायला एकत्र आले, तेव्हा 14 जूनला ल शापेलियेचा कायदा झाला: एका धंद्यातल्या लोकांनी संघटना करायची नाही. तर्क तोच. नागरिक आणि राष्ट्र यांच्यामध्ये कुणी नको. सुताराला उस्तादापासून सोडवणाऱ्या तत्त्वानेच त्याला मालकासमोर एकटं उभं केलं. फ्रान्समध्ये संप गुन्हा राहिला नाही तो 1864 पासून, आणि कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता मिळाली ती 1884 मध्ये. तुझ्या निबंधाचं काळीज इथे असायला हवं. समाजवाद्यांचा सगळा आक्षेप तुला या एका कायद्यावरून समजावून सांगता येईल.

ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य एडमंड बर्क याच्याबद्दल थोडंच लिहिते, कारण त्याच्यावर तुला ढीगभर साहित्य मिळेल. 1790 मध्ये त्याने फ्रेंच क्रांतीवर हल्ला चढवला, आणि त्याला मेरी वोल्स्टनक्राफ्ट आणि टॉमस पेन यांनी उत्तरं दिली. पेनचं ते उत्तर, 'राइट्स ऑफ मॅन', पुढे तरुण जोतीराव फुल्यांनी वाचलं. बर्कला 'परंपरावादी' म्हणून मोकळी होऊ नकोस. त्याने अमेरिकन वसाहतींची बाजू घेतली होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जुलमाबद्दल तिचा भारतातला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर वर्षानुवर्षं महाभियोग चालवला होता, आणि 1795 च्या टंचाईत मात्र सरकारने धान्याच्या बाजारात हात घालू नये असंच पंतप्रधानांना लिहिलं. हक्कांबद्दल क्रांतिकारकांचा शत्रू, बाजाराबद्दल त्यूर्गोचा सोबती.

तू विचारलं आहेस की आपल्याकडचं काही यात आणावं का. ओढूनताणून नको, पण एक धागा खरा आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, आणि तो पुणे-नगर भागात पसरला. बहुतेक ठिकाणी लोकांनी मागितली ती कर्जाची खतं, म्हणजे कर्जरोखे, आणि ती मिळाली की जाळली. अमेरिकन यादवीच्या काळात चढलेला कापसाचा भाव कोसळला होता, शेतसारा वाढला होता. कोर्ट मात्र कागदावरची सही किंवा अंगठा बघून हुकूमनामे देत होतं, कारण दोन स्वतंत्र माणसांनी केलेला करार पवित्र. 1879 च्या कायद्याने न्यायाधीशांना खताच्या मागे जाऊन देण्याघेण्याचा खरा हिशोब तपासायची मुभा दिली.

त्या कायद्याखाली ज्यांनी न्यायाधीशाचं काम केलं, त्यांत न्यायमूर्ती रानडे होते. 1892 मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडमध्ये घडलेले अर्थशास्त्राचे नियम सर्वकाळ सर्वत्र लागू पडत नाहीत, हा त्याचा गाभा. जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्टचा आधार त्यांनी घेतला. आणि हे बोलणारा माणूस व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर, कायद्याच्या राज्यावर, सुधारणेवर मनापासून विश्वास ठेवणारा होता. विचाराच्या आत राहून त्याच्याशी भांडता येतं, हे तुला इथे दिसेल.

तेव्हा व्याख्या आणि ती यादी काढून टाक. सिडनीच्या खटल्यापासून सुरुवात कर, अॅस्टेलला तिची जागा दे, पिठाचं युद्ध आणि 1791 चा कायदा शेजारी शेजारी ठेव. रानड्यांचं व्याख्यान त्यांच्या आर्थिक निबंधांच्या संग्रहात आहे. ग्रंथालयात मिळेल. ते वाचून झालं की दुसरा मसुदा पाठव, या वेळी शब्दमर्यादेची काळजी करू नकोस.

कळावे, आशीर्वाद.