चित्रपटातल्या मुखवट्याची प्रतिकृती शाडूच्या मातीत करून ती चेहऱ्यावर घालता येईल का?

प्रतिकृती शाडूत जरूर घडवता येईल, मात्र चेहऱ्यावर घालायचा मुखवटा मातीचा ठेवू नये, कारण तो जड होतो आणि पडला की फुटतो. शाडूत फक्त मूळ नमुना करून त्यावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढावा आणि साच्यात लॅटेक्सचे, म्हणजे द्रवरूप रबराचे, पातळ थर द्यावेत. पुण्यात नाटकांसाठी मुखवटे करताना मी हीच पद्धत वापरतो. शाडूची माती वाळताना आकसते आणि नाकाच्या मुळाशी, भुवईच्या कडेला, म्हणजे जाड थराला पातळ थर भिडतो तिथे, आधी तडकते. त्यामुळे साचा माती ओलसर असतानाच घ्यावा आणि एप्रिल-मेच्या इथल्या कोरड्या हवेत काम थांबवताना ओले फडके व वर प्लास्टिक गुंडाळावे. साच्याला आतून तेल लावण्याचा मोह टाळावा, कारण प्लास्टर लॅटेक्समधले पाणी शोषते म्हणूनच थर नीट बसतो. डोळ्यांमधले अंतर घालणाऱ्याच्या चेहऱ्यावरून मोजावे, कारण जवळून टिपलेल्या छायाचित्रात नाक फुगलेले दिसते आणि सगळी मापे फसवी निघतात. शिरस्त्राणासारख्या धारदार, यांत्रिक आकारांना मात्र न वाळणारी तेलमिश्रित माती बरी. फक्त तिच्यावर सिलिकॉनचा साचा घेणार असाल तर ती गंधकविरहित असल्याची खात्री करावी, कारण प्लॅटिनम प्रकारचे (प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारे) सिलिकॉन गंधकाच्या संपर्कात घट्ट न होता चिकटच राहते.