दाढेचं हाड आणि घरचा घोर

प्रश्न : माझं वय ५४. फेब्रुवारीत खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवलं. त्याच आठवड्यात सासूबाई पडल्या, खुबा मोडला. तेव्हापासून रात्री तीनदा उठणं ठरलेलं. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, 'हाडानं अजून नीट धरलेलं नाही, कॅप दोन महिन्यांनी बसवू.' मला मधुमेह नाही. माझंच काही चुकलं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. पण त्या जागरणांचा यात वाटा असू शकतो.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. तो आधी नुसता आवळून बसलेला असतो. भोवतालचं जुनं हाड विरघळतं, नवं तयार होतं आणि मग त्याला धरतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुनी पकड सैल झालेली असते, नवी पुरती आलेली नसते. तुमची सगळ्यात जास्त धावपळ नेमकी तेव्हाच झाली. ताण लांबला की कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं. हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, झिजवणाऱ्या पेशींचं फावतं.

अमेरिकेत ओहायोमध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम दोनदा केली गेली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. १९९८मध्ये निष्कर्ष आला : परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. ती जखम हिरडीसारख्या मऊ भागाची होती, हे खरं. हाडाबाबतचे प्रयोग बहुतेक उंदरांवरचे आहेत. म्हणून सगळा दोष ताणावर टाकून मोकळं होऊ नका. तंबाखू, मिश्री, ड जीवनसत्त्व, हाडांच्या ठिसूळपणाची औषधं हे सगळं डॉक्टरांना तपासू द्या. थांबायचा त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो.

माझ्या दवाखान्यातल्या फॉर्मवर मधुमेह, रक्तदाब, तंबाखू एवढंच विचारलेलं असायचं. काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकेचं इम्प्लांट सुटलं. पतीच्या डायलिसिसचं त्यांनी मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. आता 'घरी कुणाचं आजारपण?' हा रकाना आहे.

सकाळी जबडा आवळल्यासारखा वाटतो का, कानशिलं दुखतात का, ते बघा. झोपेत दात खात असाल तर कॅप बसल्यावर रात्री घालायचा गार्ड लागेल. नैराश्याची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर सांगा, पण मनानं बंद करू नका. आणि आठवड्यातल्या दोन रात्री तरी सासूबाईंपाशी दुसऱ्या कुणाला झोपू द्या. घरच्यांना हे उत्तर वाचायला दिलंत तरी चालेल.