पीएचडीला जर्मनीत येतेस? आधी धाग्यांमधल्या फटीबद्दल विचार

तू मालवणहून विचारलंस, पॉलिमरमध्ये एम.एस्सी. झालीय, हाडांसाठीच्या तंतुमय स्कॅफोल्डवर (पेशींना वाढायला दिलेल्या धाग्यांच्या सांगाड्यावर) पीएचडी करायला जर्मनीत यावं का, आणि कुठल्या शहरात? मी वेंगुर्ल्याची, इथे आठ वर्षं आहे. जरूर ये. फक्त शहर बघू नकोस, ग्रुप बघ.

इलेक्ट्रोस्पिनिंग करणाऱ्या लॅब पुष्कळ. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे पॉलिमर विरघळवायचं, सुईला १५-२० किलोव्होल्ट द्यायचे, की केसाहून कितीतरी बारीक धागे पत्र्यावर जमतात. हाडातल्या कोलॅजनच्या जाळीसारखे दिसतात, फोटो सुरेख येतात. खरी अडचण पुढे. नारळाच्या सोडणातला काथ्या आठव. सुटा असताना बोटं सहज आत जातात, दाबून गादी केली की नखही शिरत नाही. आपली जाळी त्या गादीसारखी होते. फटी जेमतेम काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे पेशी वरच पसरून राहतात. हाड धरायचं तर आत रक्तवाहिन्या जायला हव्यात, आणि त्यांना १०० मायक्रॉन तरी लागतात, ३०० मिळाले तर उत्तम. म्हणून मुलाखतीत सरळ विचार, "पेशी किती खोल जातात? आडवा काप बघायला मिळेल?" नुसता वरचा फोटो दाखवला तर दुसरीकडे अर्ज कर.

मेल्ट इलेक्ट्रोरायटिंग करणारे ग्रुप मी आधी बघेन. ब्राउन, डाल्टन आणि हुटमाखर या संशोधकांनी २०११ मध्ये ते मांडलं. त्यात द्रावक नाही; वितळलेला धागा ओळीवर ओळ ठेवत जायचा, फट आपण ठरवायची. पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून सोयीचं. जाड नमुना उभा करणं मात्र अजून कठीण जातं.

एक गोष्ट आत्तापासून कर. वहीत रोज हवेतली आर्द्रता लिही. मुंबईत जुलैमध्ये माझ्या धाग्यांवर बारीक खड्डे पडायचे. मी पॉलिमरला दोष देत अख्खा पावसाळा घालवला, आणि कारण निघालं दमट हवा. इथे जानेवारीत हीटरने हवा इतकी कोरडी होते की थेंब सुईच्या टोकावरच सुकतो, दर थोड्या वेळाने पुसावा लागतो.

पैशांचं म्हणशील तर पगारी करारावरच ये. तो बहुधा टीव्ही-एल १३ या इथल्या राज्यांच्या सरकारी वेतनश्रेणीत असतो, अनेकदा पूर्णवेळ नोकरीच्या ६५ टक्क्यांचा. एकटीचं भागतं. लॅबमध्ये इंग्रजी चालतं, पण घर भाड्याने घेताना जर्मन लागतंच, तेव्हा क्लास आजच लाव.

प्राध्यापकांना पाठवायचा मेल आधी मला दाखव.